खानोलकरांनी न ओढलेली रेघ

आमच्या समोरच्या सातशे चार नंबरच्या फ्लॅटचं कुलूप अडायचं. किल्ली आत जायची, अर्धी फिरायची आणि तिथंच हट्टाला पेटायची. खानोलकर ऑफिसातून आले की दाराशी त्यांची झटापट सुरू. एक हात मुठीवर, खांदा दाराला टेकलेला आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं. मी माझ्या दारातून म्हणायचे, "सर, चाळीस दिरहमचं काम आहे. म्हणजे पाचशे रुपये. बदलून टाका की एकदाचं."

"चालतंय गं. सवयीचं आहे," ते मान न वळवता म्हणायचे.

एकदा तर ते अर्धा तास बाहेरच अडकले, तेव्हा मीच खालून किल्लीवाल्या पठाणाला बोलावून आणलं. त्यानं कुलूप बघितलं आणि म्हणाला, "साब, नया डालो, ये खलास है." खानोलकरांनी त्याला तेल घालायला लावलं, आतलं साफ करायला लावलं, वर चहा पाजला आणि तेच कुलूप परत बसवून घेतलं. मी मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "चिकटपणाची कमाल आहे बाई या माणसाची." मी डोंबिवलीची. मनात आलं की तोंडात येतं.

दुसरी एक गंमत म्हणजे त्यांचा लँडलाइन फोन. शारजातल्या आमच्या अख्ख्या अल नहदात सगळ्यांचं मोबाइलवर चाललेलं असताना खानोलकरांच्या हॉलमध्ये एक लाल रंगाचा जुना फोन होता. तो वाजायचा फार क्वचित, आणि वाजला की बहुतेक वेळा क्रेडिट कार्ड विकणारी एखादी मुलगी असायची. तरी ते हातातलं काम टाकून धावायचे, आणि 'हॅलो' नाही काही नाही, थेट म्हणायचे, "खानोलकर, अल नहदा, सातशे चार. सुभाषचा भाऊ बोलतोय." ती मुलगी बिचारी पलीकडे गप्प व्हायची. मला हसू यायचं. पुढे ते यायचं थांबलं.

खानोलकर आणि मी एकाच ऑफिसात होतो. हा फ्लॅटही आम्हाला त्यांनीच मिळवून दिला होता, आणि रोज सकाळी त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून मी त्यांच्याबरोबर दुबईला जायचे. आमची कंपनी पर्यावरणाचे सर्व्हे करायची. तेव्हा दुबईत समुद्रात वाळू ओतून बेटं करायची लाट होती. वाळू ओतायच्या आधी समुद्राला विचारल्यासारखं करायचं, हे आमचं काम. कासवं किती, प्रवाळ किती, फ्लेमिंगो कुठं उतरतात. मी कॉम्प्युटरवर नकाशे काढायचे. खानोलकरांकडे मात्र एक वेगळंच काम होतं, त्याचा वाळूशी काही संबंध नव्हता. परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीनं आमच्या कंपनीला पेंग्विनांचा डेटा सोडवायला दिला होता.

बाहेर पंचेचाळीस डिग्री, एसी घरघरतोय, आणि हा वेंगुर्ल्याचा माणूस लुंगी नेसून बसावं तसं खुर्चीत एक पाय वर घेऊन दक्षिण समुद्रातल्या पेंग्विनांची थंडी शोधतोय! नवीन आलेला माणूस हमखास त्यांच्या टेबलाशी थांबायचा. खानोलकर कधी कंटाळले नाहीत. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे.

"हे बघ, हे डोक्यावर पिवळे तुरे असलेले छोटे पेंग्विन. उन्हाळ्यात एका बेटावर अंडी घालतात, पिल्लं वाढवतात. मग थंडी आली की समुद्रात उतरतात. चांगले सहा महिने जमिनीला पाय लावत नाहीत. जातात कुठं? कुणाला माहीत नव्हतं. म्हणून त्यांच्या पायाला हे एवढंसं यंत्र बांधतात. त्याला कॅमेरा नाही, फोन नाही. त्याला फक्त उजेड कळतो. सूर्य कधी उगवला, कधी मावळला. दिवस केवढा मोठा, त्यावरून उत्तर-दक्षिण काढायची. मध्यान्ह कधी झाली, त्यावरून पूर्व-पश्चिम. झाला पत्ता."

"म्हणजे आत्ता तो कुठाय ते तुम्हाला दिसतं?" समोरचा विचारायचा.

"छे. तो स्वतः परत आला, यंत्र पायावरून सोडवलं, तरच कळणार. गेला तेव्हा गेला. आला तर सांगेल."

तो परत आपल्या त्याच घरट्याशी येतो, हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलायचा. एवढा समुद्र फिरून, हजारो पक्ष्यांच्या गर्दीत, दगडांमधली तीच वीतभर जागा. "पत्ता चुकत नाही हो तो," ते म्हणायचे.

या कामात एक मेख होती. सप्टेंबरात सगळ्या पृथ्वीवर दिवस आणि रात्र सारखी होतात. मग दिवसाच्या लांबीवरून काही म्हणता काही कळत नाही. आणि पेंग्विन नेमके तेव्हाच परत फिरायच्या बेतात असतात. म्हणजे घरी यायला निघाला, की तो नकाशावरून दिसेनासा. तीन-चार आठवडे कोरे.

एकदा मॅनेजर रामीला मीटिंगसाठी नकाशा घाईनं हवा होता. रामी लेबनीज, मनानं चांगला, पण त्याला सगळं कालच हवं असायचं. मी कोऱ्या जागेच्या दोन टोकांना जोडणारी एक सरळ रेघ ओढून दिली. खानोलकर खुर्ची सरकवत माझ्याशेजारी आले.

"ही कुणी ओढली?"

"मी. सर, इथून निघाला, तिथं पोचला. मधे कुठंतरी असणारच ना?"

"असणारच. कुठं?"

"आता ते मला काय ठाऊक?"

"मग पूस ती. माहीत नाही तिथं रेघ ओढायची नाही."

हे त्यांचं पालुपद. आणि जे पक्षी परत यायचे नाहीत, त्यांच्यापुढे ते 'आला नाही' एवढंच लिहायचे. 'मेला' हा शब्द त्यांच्या हातून उतरायचाच नाही. रामी वैतागायचा. "हबीबी, पाण्यात गेला, आला नाही, खलास!" त्यावर खानोलकर शांतपणे म्हणायचे, "खलास कसा? आला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे." आम्हाला वाटायचं, हा शास्त्राचा काटेकोरपणा.

कारण कळलं ते शारजाच्या ट्रॅफिकमध्ये. त्या संध्याकाळी गाड्या मुंगीच्याही पावलानं जात नव्हत्या. मी आपली कुलपावरून त्यांना चिडवत होते. ते समोर बघतच म्हणाले, "कुलूप बदललं तर सुभाषची किल्ली लागणार नाही."

सुभाष त्यांचा धाकटा भाऊ. वेंगुर्ल्याला स्वतःची होडी होती, लग्न झालेलं, मुलगी पाळण्यात. "मीच आणलं त्याला," खानोलकर म्हणाले. "म्हटलं, होडीत काय ठेवलंय, इथं पगार आहे." तेलाच्या प्लॅटफॉर्मना सामान पोचवणाऱ्या एका बोटीवर त्याला काम लागलं. दोघं भाऊ याच फ्लॅटमध्ये राहायचे. तेव्हा आजूबाजूला नुसती वाळू होती. एका हिवाळ्यात शमालचा वारा सुटला, म्हणजे उत्तरेकडून येतो तो, समुद्र खवळवणारा. बोट परत आली. सुभाष बोटीवर नव्हता. त्याला पडताना कुणी पाहिलं नाही, शोधाशोध झाली, काही मिळालं नाही. कागदावर 'बेपत्ता' लिहिलं गेलं.

"निघताना मी म्हटलं होतं त्याला, मी ऑफिसात असलो तरी किल्ली आहे ना तुझ्याकडे, थेट घरी ये. तो हो म्हणाला."

मागच्यानं हॉर्न दिला. त्यांनी गाडी हातभर पुढे घेतली.

त्या दिवसापासून मी कुलपाबद्दल चकार शब्द काढला नाही. पण आता मला सगळंच दिसायला लागलं. ते फ्लॅट का बदलत नाहीत, फोन का काढत नाहीत, दर शुक्रवारी सकाळी मासे घ्यायच्या निमित्तानं खाडीवर जाऊन लाँचवाल्यांशी का बोलत बसतात. मोठ्या पगाराची अबू धाबीची नोकरी आली होती, तिथं घर मिळत होतं, तेही त्यांनी का सोडलं. लग्नाचं विचारलं की "राहून गेलं" म्हणायचे. राहून कसं गेलं तेही कळलं.

मग एक वर्ष असं आलं की त्यांच्या यादीतला एक 'आला नाही' पेंग्विन दुसऱ्या मोसमात परत आला. चक्क आला! मधला एक उन्हाळा त्यानं कुठं काढला कोण जाणे, पण यंत्र पायाला शाबूत, आणि बसला होता आपल्या जुन्या घरट्यापासून चार हातांवर. ती ईमेल वाचून खानोलकर खुर्चीतून उठले आणि टॉयलेटमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. संध्याकाळी वेंगुर्ल्याहून आलेलं खाजं घेऊन ते आमच्याकडे आले. माझी मुलगी इरा तेव्हा सात वर्षांची असेल. तिनं विचारलं, "अंकल, व्हेअर वॉज ही ऑल धिस टाइम?"

"ते आता तोच सांगेल," खानोलकर म्हणाले, आणि तिला मांडीवर घेऊन लॅपटॉप उघडला.

त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगते, मला भीती वाटली. पेंग्विन पाण्यातच राहणारा प्राणी आहे, त्यानं दोन वर्षं पाण्यात काढली तर नवल नाही. हे मला त्यांच्या तोंडावर म्हणवलं नाही.

दोन हजार आठ संपता संपता दुबईच्या क्रेन थांबल्या. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग बेटांची कामं एकेक करून बंद पडली आणि आमच्या ऑफिसात गुरुवारची धास्ती सुरू झाली. कारण तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, आणि माणसाला काढायचं असलं की गुरुवारी दुपारी केबिनमध्ये बोलवायचे. कासवांचा विभाग गेला. प्रवाळवाले गेले. आमच्या बिल्डिंगीतल्या लिफ्टमध्ये बायका फक्त एकच विचारायच्या, "तुमच्यात किती गेले?" शाळेत इराच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागली. मिलिंदची नोकरी तरली, माझी अर्ध्या पगारावर आली.

खानोलकर राहिले ते पेंग्विनांमुळे. युनिव्हर्सिटीचे पैसे आधीच आले होते. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात यंत्रं येणार, रिपोर्ट जाणार, तोवर त्यांचा व्हिसा. पुढे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडायचा.

"सर, अर्ज टाकताय ना?" मी गाडीत विचारायचे.

"टाकतोय गं. कुणी उचलत नाही." अर्ज तरी कुठं कुठं टाकले त्यांनी! मासळीबाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे कारकून म्हणूनसुद्धा विचारून आले. पन्नाशी ओलांडलेला, समुद्राचं शास्त्र शिकलेला माणूस. "काहीही चालेल. फ्लॅट सुटायला नको," म्हणाले.

आणि त्याच वर्षी सुभाष बेपत्ता झाल्याला बारा वर्षं पुरी होत होती.

आपल्याकडे माणूस बेपत्ता झाला, देह मिळाला नाही, तर बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, पुढचे विधी करतात. पालाशविधी म्हणतात त्याला. तो करायचा खानोलकरांनी, घरातला दुसरा पुरुषच नव्हता. सुभाषची बायको सरिता वेंगुर्ल्याहून त्यांच्या मोबाइलवर फोन करायची आणि खानोलकर तिला सांगायचे, "रजा गावणा नाय गो." हे मी कितीदा ऐकलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी मी आमटी द्यायला त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, ते अंघोळीला होते, आणि तो लाल फोन वाजला. मी उचलला. सरिता होती. मी कोण ते सांगितल्यावर ती एकदम बोलायला लागली.

"ताई, तुम्ही तरी सांगा त्यांना. रोज सकाळी कुंकू लावताना माझा हात थांबतो. लावलं तर खोटं वाटतं, नाही लावलं तर मीच त्यांना मारल्यासारखं वाटतं. हळदीकुंकवाला मला बोलवायचं का नाही, यावरून बायका दारात कुजबुजतात. मुलगी शाळेत वडिलांच्या नावापुढे काय लिहू विचारते. मला दुसरं काही नको. मी कोण आहे ते एकदा ठरू दे."

एवढी बडबडी मी, पण माझ्या तोंडून नुसतं "हो, हो" निघत होतं. तेवढ्यात खानोलकर खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले, मी फोन त्यांच्या हातात दिला. जुन्या फोनचा आवाज मोठा, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मी निघायला हवं होतं, पण पाय उचलेना. ती मालवणीत बोलत होती, मी माझ्या भाषेत सांगते.

"भावजी, आता रजेचं सांगू नका. तिकडच्या नोकऱ्यांचं आमच्या पेपरातही येतं."

"सरिता, मी इथून उठलो आणि तो आला तर?"

"कुठं येतील?"

"इथं. घरी. किल्ली आहे त्याच्याकडे."

ती हळूच, अगदी चूक दाखवू की नको अशा आवाजात म्हणाली, "भावजी, त्यांचं घर इथं आहे. मी इथं आहे, पोर इथं आहे. ते आले असते तर माझ्याकडे आले असते. मी बसलेयच की दारात. तुम्ही तिथं कशाला बसलाय?"

खानोलकर उभेच राहिले. नंतर त्यांनी फोन ठेवला की तिनं, मला आठवत नाही. ते सोफ्यावर बसले, ओला पंचा तसाच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अनघा, नर पेंग्विन घरट्याकडे का येतो, मी सगळ्यांना शिकवलं. मादी तिथंच येते म्हणून येतो." आणि थोडं थांबून, "मी घरटंच चुकीचं धरून बसलो."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. सांगायला लाज कसली? ते रडले नाहीत. आमटी झाकून ठेव म्हणाले.

नोव्हेंबरात यंत्रं आली. त्यांनी नेहमीसारखं मन लावून काम केलं, कोऱ्या जागा कोऱ्याच ठेवल्या. रिपोर्ट गेला त्या गुरुवारी रामीनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं, आणि म्हणे तोच जास्त रडवेला झाला होता. गाडीत येताना खानोलकरांनी मला विचारलं, "गुरुजी तिथी मागताहेत. गेल्याची. कुठली सांगू?"

"बोट परत आली ती?"

"ती बोट आल्याची झाली." बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "वारा सुटला त्या दिवसाची धरतो. अंदाजानं." अंदाजानं हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

विधी वेंगुर्ल्याला व्यवस्थित पार पडला. सरितानं मला फोन करून सांगितलं. ती रडत होती, पण नीट श्वास घेऊन बोलत होती. भावजींनी अग्नी दिला, म्हणाली, आणि मग सगळे घरी गेले तरी ते एकटेच किनाऱ्यावर बसून होते. आता मुलीचा अभ्यास घेतात, तिला नकाशे काढायला शिकवतात. पुढे तीन वर्षांनी तेही गेले, झोपेत. मी जाऊ शकले नाही. त्यामुळे वेंगुर्ल्यातले खानोलकर मी पाहिलेलेच नाहीत. मला दिसतात ते निघायच्या सकाळचे.

सामान म्हणजे दोन बॅगा. फोन काढून नेलेला, भिंतीवर नुसती वायर. आमचा वॉचमन कुट्टी वर आला होता, फ्लॅटचा ताबा घ्यायला. खानोलकरांनी शेवटचं दार ओढलं आणि त्या दिवशी ते कुलूप, इतकी वर्षं छळणारं, पहिल्या फटक्यात लागलं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

त्यांनी किल्ली कुट्टीला दिली. कुट्टीनं ती हातात घेतली आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला. बिचाऱ्याला काय ठाऊक, तो सगळ्यांनाच विचारतो.

"सर, दो चाबी दिया था. दुसरा?"

मी काहीतरी बोलणार होते. हरवली म्हणून सांगणार होते. पण खानोलकरांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं, आणि नकाशात कधीही न ओढलेली ती रेघ माझ्यासमोर, सातव्या मजल्याच्या त्या कॉरिडॉरमध्ये ओढली.

"दूसरी समंदर में है," ते म्हणाले.

कुट्टी "अच्छा सर" म्हणाला. लिफ्ट आली. खानोलकरांनी दोन्ही बॅगा आत घेतल्या, मला म्हणाले, "येतो गं," आणि दार बंद होईपर्यंत सातशे चारकडे बघत राहिले. दुपारी कुट्टीनं कुलूप बदललं.